सोसायटीमागचा ओढा काठ का खातो आहे, आणि भिंत बांधण्याआधी काय पाहावं

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्याच्या दक्षिणेला, कात्रजच्या डोंगराकडून येणाऱ्या एका ओढ्याकाठच्या सोसायटीतल्या सदस्याने विचारलं आहे: इमारत उभी राहिली तेव्हा मागचा ओढा इतका लहान होता की मुलं उडी मारून पलीकडे जायची. आज तो दोन पुरुष खोल आहे. दर पावसाळ्यात आमच्या बाजूचा काठ ढासळतो आणि यंदा सीमाभिंतीला तडा गेला. पाऊस वाढला म्हणून हे होतंय का? दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत बांधून वर स्लॅब टाकला तर धोका टळेल आणि पार्किंगही मिळेल, असं काही सभासदांचं म्हणणं आहे. तसं करावं का?

स्लॅब टाकू नका. हे मी जागा न पाहताही सांगू शकतो. भिंतीबद्दल मात्र "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगता येणार नाही. ते ओढ्याचा तळ कशाचा आहे, वरून किती पाणी येतं, समोरच्या काठावर काय उभं आहे आणि तुमच्या इमारतीचा पाया काठापासून किती लांब आहे यावर ठरेल. पुण्याच्या आसपासच्या ओढ्यांवरची पावसाळी पाण्याची कामं आखणं हा माझा व्यवसाय आहे. त्यात एक गोष्ट सतत दिसते. लोक आपल्या भिंतीमागचा पन्नास-साठ मीटरचा तुकडा बघत असतात आणि कारण मात्र दोन-तीन किलोमीटर वर, शेकडो हेक्टरांवर पसरलेलं असतं. तुमचा ओढा वरून येणाऱ्या नव्या पाण्याला पुरेल एवढं पात्र स्वतःसाठी खोदून घेतो आहे. ते पाणी जोवर तसंच येत राहील, तोवर तो थांबणार नाही.

पावसाचं आधी बोलू. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचं अभ्यासांतून दिसलेलं आहे, त्यामुळे पावसाला पूर्ण बाजूला ठेवता येत नाही. पण तुम्ही वर्णन केलेला बदल जुनाच पाऊस पडत राहिला असता तरी झाला असता. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातलं किती पाणी ओढ्यात उतरतं आणि किती वेळात उतरतं, हे बदललं आहे.

एक साधा हिशेब करून दाखवतो. समजा तुमच्या वरचं पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे आणि तासाला ६० मिलिमीटर या गतीने पाऊस पडतो आहे. गवताळ उतार, शेतं, थोडी झाडी असताना त्यातला साधारण ३५ टक्के भाग लगेच वाहून येतो असं धरू. म्हणजे ओढ्यात सेकंदाला जवळपास ६ घनमीटर पाणी. आता तिथे इमारती, रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि पत्र्याची गोदामं झाली, वाहून येणारा भाग ७५ टक्के झाला. पाऊस तोच, पण पाणी १२.५ घनमीटर. हिशेब इथेच संपत नाही. मातीवरून, बांधांवरून, गवतातून वाट काढत येणारं पाणी आता गटारांतून आणि पाइपांतून सरळ येतं. जिथे पूर्वी सगळं पाणी एकत्र जमायला चाळीस मिनिटं लागायची, तिथे आता वीस लागतात. वीस मिनिटांची जोरदार सर चाळीस मिनिटांच्या सरीपेक्षा नेहमीच तीव्र असते. म्हणून ६० ऐवजी ८० मिलिमीटर प्रतितास धरावे लागतात आणि आकडा १६ ते १७ घनमीटरवर जातो. ओढा तोच आणि ढगही तेच, तरी पाणी पावणेतीन पटींच्या पुढे. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या जागेचे वेगळे निघतील, पण चढ याच प्रमाणात असतो.

यात लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की शहरीकरणाने सगळ्यात जास्त वाढतात ते लहान, नेहमीचे पूर. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ हॉलिस यांनी १९७५ मध्ये निरनिराळ्या ठिकाणचे अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर ३० टक्के जमीन फरसबंद झाल्यावर फार तर दुप्पट होतो, पण वारंवार येणारे लहान पूर दहा पटींपर्यंत वाढू शकतात. कारण समजायला सोपं आहे. महापुराच्या दिवशी जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते, तिथे माती असली काय आणि काँक्रीट असलं काय, पाणी वाहूनच येतं. पण जूनमधली साधी सर पूर्वी जमीन पिऊन टाकायची. ती सर आता अख्खी ओढ्यात येते. ओढ्याचं पात्र घडतं ते मुख्यतः अशा वर्ष-दोन वर्षांतून येणाऱ्या, काठोकाठ भरणाऱ्या प्रवाहाने. तसा प्रवाह आता एका पावसाळ्यात अनेकदा येऊ लागला, की पात्र मोठं होणारच. म्हणूनच तुमच्याकडे बातमीत येण्यासारखा पूर आलेला नसतानाही काठ दरवर्षी गेला आहे.

दुसरा भाग गाळाचा. अमेरिकेतले गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये मेरिलंडमधल्या ओढ्यांवरून एक क्रम मांडला होता आणि तो मला पुण्याच्या प्रत्येक नव्या उपनगरात दिसतो. बांधकामं जोरात चालू असतात तेव्हा उघड्या पडलेल्या जमिनीवरून भरमसाट माती वाहून येते. टेकडी फोडून प्लॉट पाडलेले असतात, मुरमाचे ढीग पडलेले असतात, पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत ते ओढ्यात येतात. तळ वर येतो, ओढा उथळ होतो, लोक तक्रार करतात, जेसीबी येऊन गाळ काढून जातो. मग बांधकामं संपतात, सगळीकडे फरशी आणि डांबर होतं. आता पाणी भरपूर येतं पण त्यात गाळ जवळजवळ नसतो. आपल्याबरोबर माती-वाळू घेऊन येणाऱ्या पाण्याची ताकद ते वाहून नेण्यात खर्च होत असते. रिकाम्या पाण्याची ती सगळी ताकद तळावर आणि काठावर लागते. तुमच्याच जुन्या रहिवाशांना विचारा. इमारत झाल्यावर पहिली काही वर्षं ओढा भरून आल्याची तक्रार होती का आणि खोल जाणं नंतर सुरू झालं का? उत्तर "हो" आलं, तर क्रम जुळला असं समजा.

आता आपल्या जमिनीची गोष्ट, जी परदेशी पुस्तकांतून मिळत नाही. दख्खनच्या पठारावर ओढ्याखाली बसाल्ट आहे. वर काळी किंवा तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. पाणी माती आणि मुरूम झपाट्याने कापत खाली जातं, खडक लागला की अडकतं. खाली जाता येत नाही म्हणून मग ते आडवं पसरतं आणि काठाचा पायथा पोखरू लागतं. पायथ्याचा मुरूम निघून गेला की वरची माती अधांतरी राहते. पाऊस थांबून ओढा उतरला, की ओली जड माती स्वतःच्या वजनाने खाली येते. म्हणूनच बरेच काठ ऐन पुरात न पडता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडतात. काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी आत शिरतं, त्यामुळे काठाला समांतर चीर पडते. तुमच्या सीमाभिंतीचा तडा अशाच चिरेवर आहे का, ते पाहा. चीर काठाला समांतर असेल आणि दरवर्षी रुंदावत असेल, तर त्या पट्ट्यातली वाहनं आजच हलवा.

म्हणजे तळाला खडक लागला आहे की नाही, हा तुमच्यासाठी पहिला प्रश्न. लागला असेल तर ओढा आणखी खोल जाण्याची भीती कमी, पण रुंद होत राहील. लागला नसेल तर अजून खोल जाईल, आणि अशा वेळी उथळ पायावर बांधलेली कोणतीही भिंत दोन-तीन पावसाळ्यांत अधांतरी होईल. ओढा कोरडा असताना चालत जाऊन बघता येतं. हल्ली तो कोरडा पडतच नसेल, तर मे महिन्यात वाहणारं ते पाणी सांडपाणी आहे. पूर्वी ओढ्याला हिवाळ्यापर्यंत भूजलाचे पाझर असायचे. जमीन झाकली गेल्याने ते आटले आणि त्यांच्या जागी ड्रेनेज आलं. त्यामुळे काठाचा पायथा बारा महिने ओला राहतो, जलपर्णी वाढते आणि पहिल्या पुरात तिचे लोंढे मोरीत, म्हणजे रस्त्याखालच्या लहान पुलात, अडकतात. शिवाय अनेक ठिकाणी ड्रेनेजची मुख्य वाहिनी ओढ्याच्या पात्रातूनच नेलेली असते. तिचे चेंबर पात्रात मध्येच उभे असतात, कचरा त्यांना अडतो, पाणी बाजूने वळतं आणि नेमकं त्या जागी काठ कापतं.

पात्रात फिरताना आणखी काही खुणा बघा. पावसाळी गटाराचे पाइप बसवले तेव्हा त्यांचं तोंड तळाच्या जवळपास असणार. आज ते तळापासून मीटर-दीड मीटर वर लटकत असेल, तर तेवढा तळ खाली गेला आहे. खालच्या मोरीच्या पलीकडे पाणी धबधब्यासारखं पडत असेल, तर खोल जाणं खालून वर सरकत येत आहे आणि ती मोरी त्याला अडवून उभी आहे. ती मोरी तोडून मोठी करायचा प्रस्ताव असेल, तर तळाला पायरी ठेवायला सांगा. नाहीतर ते खणणं तुमच्यापर्यंत येईल. झाडांची उघडी मुळं, समोरच्या काठावरचा राडारोडा, फांद्यांना अडकलेल्या प्लास्टिकची पातळी, हे सगळं लिहून ठेवा आणि फोटो काढा. प्लास्टिकची ती रेघ म्हणजे गेल्या पुराची उंची, आणि ती कोणत्याही संगणकी नमुन्यापेक्षा खरी.

स्लॅबला मी इतक्या ठामपणे नाही का म्हणतो, त्याचं कारण आंबिल ओढ्यात आहे. कात्रजच्या डोंगरातून निघून धनकवडी, सहकारनगर, पर्वती, दांडेकर पूल असा तो मुठेला मिळतो. पेशव्यांच्या काळात, पेठांमधून जाणारा त्याचा प्रवाह पर्वतीकडून पश्चिमेला वळवला गेला. म्हणजे माणसाने त्याला हात लावण्याला अडीचशे वर्षं झाली. पण त्या काळी वरचं पाणलोट डोंगर आणि शेतीचं होतं, कात्रजचे तलाव होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यात काही तासांत जो पाऊस झाला, तो घरं-रस्त्यांनी भरलेल्या पाणलोटावर पडला आणि अरुंद झालेल्या पात्रात उतरला. कुठे भिंतींनी आवळलेलं पात्र, कुठे लहान पूल. वाहून आलेल्या गाड्या, झाडं आणि कचरा पुलांच्या गाळ्यांत अडकला की तो पूल बंधारा होतो. पाणी मागे साचतं, आणि अडथळा किंवा भिंत फुटली की एकदम सुटतं. अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं गेली, शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक जीव गेले. ओढ्यावर स्लॅब टाकणं म्हणजे साठ मीटर लांबीचा असा पूल आपणहून बांधणं. आत काय अडकलं आहे ते दिसत नाही, जेसीबी आत जात नाही, सांडपाण्यामुळे आत विषारी वायू साठतो, आणि पूर आला की पाणी तुमच्या पार्किंगवरून जातं. पार्किंगच्या सोयीसाठी हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांत सगळे पूर एकत्र झाले आहेत. कुणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीचं उदाहरण दिलं आहे, कुणी मुंबईच्या मिठी नदीचं, कुणी कोल्हापूरचं. एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये पाणी शिरलं ते मुठेचं, खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर. तिथे पाणी डोंगराळ, मोठ्या पाणलोटातून आणि धरणातून येतं. शहरातल्या फरशीने त्या पाण्याचा शिखरविसर्ग, म्हणजे पुराचा सर्वांत मोठा प्रवाह, फारसा बदलत नाही. बदललं आहे ते नदीचं पात्र. धरणामुळे एरवी कोरडं दिसणारं पात्र भराव टाकून आत ढकललं गेलं आणि तेवढंच पाणी आता जास्त उंचीवर चढतं. कोल्हापूरला पंचगंगेचा पूर तर दिवसेंदिवस चढत जातो. मिठीला वर डोंगर, खाली भरती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, इतक्या पावसात कोणताही ओढा काठ सोडेल, पण विमानतळ आणि भरावांनी वळवलेल्या, आवळलेल्या पात्राने पाण्याला जायला जागाच ठेवली नव्हती. तुमचा प्रश्न या तिन्हींहून वेगळा आहे. लहान पाणलोट, तीव्र उतार, अर्ध्या-पाऊण तासात चढणारं आणि उतरणारं पाणी. अशा ओढ्यात इशारा मिळायला वेळ नसतो, पण एक चांगली बाजू आहे: पाणलोट लहान असल्याने ते थोपवणं माणसांच्या आवाक्यात असतं.

ते कसं, हेही आकड्यांत बघू. तुमची सोसायटी एक हेक्टरची आहे असं धरा. ६० मिलिमीटर पाऊस म्हणजे तिथे ६०० घनमीटर पाणी, त्यातलं ७५ टक्के वाहून जातं ते ४५०. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब आणि तीन मीटर खोल टाकीत ते सगळं मावतं. टाकी पाणी कायमचं साठवणारी नको, खाली लहान भोक ठेवून तीन-चार तासांत हळूहळू रिकामी होणारी हवी, म्हणजे पुढच्या सरीला जागा राहते. लोक याऐवजी शोषखड्डे सुचवतात. शोषखड्डे जरूर करा, बोअरला फायदा होईल, पण बसाल्टमध्ये पाणी मुरण्याचा वेग कमी असतो आणि मोठ्या सरीत खड्डा पहिल्या काही मिनिटांतच भरतो. पुरासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. एकट्या तुमच्या टाकीने ओढ्याला फरक पडणार नाही, हे खरं. पण १०० हेक्टरांत अशा तीस-चाळीस सोसायट्या, दोन मैदानं आणि एखादा जुना तलाव आला, तर शिखर नक्की खाली येतं. मैदान दोन फूट खोलगट केलं तरी पावसाळ्यातले काही तास ते तळ्याचं काम करतं आणि उरलेलं वर्ष मुलं तिथे खेळतात. वरच्या सोसायट्यांशी बोलायला मी यासाठीच सांगतो आहे.

आता भिंत. काठ आणि इमारत यांच्यात दहा-बारा मीटर तरी मोकळी जागा असेल, तर मी भिंत बांधणार नाही. उभा काठ कापून दोनास एक (दोन मीटर आडवं, तर एक मीटर उभं) असा सौम्य उतार देईन, पायथ्याला मोठ्या दगडांची रचना खडकात अडकवून करीन, आणि उतारावर वाळा, निर्गुडी, करंज, खालच्या ओलाव्यात वाळुंज लावीन. यात पार्किंगच्या सहा-सात मीटरवर पाणी सोडावं लागतं, आणि सभेत भांडण त्यावरच होतं. पण ओढ्याला तेवढी रुंदी हवीच आहे. आपण आज आखून दिली नाही, तर तो ती घेईल आणि कुठून घेईल हे तोच ठरवेल. उभ्या काठाच्या अगदी कडेला मोठी झाडं मात्र लावू नका, त्यांच्या वजनाने काठ लवकर जातो.

जागाच नसेल, पाया तीन-चार मीटरवर असेल, तर भिंत लागेल. तेव्हा ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आखून घ्या आणि कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडू नका. पाया कठीण खडकात नेला पाहिजे. मागच्या पाण्याला बाहेर यायला भोकं आणि त्यामागे खडी-वाळूचा थर हवा, कारण भिंती पडतात त्या बहुतेक वेळा मागच्या साचलेल्या पाण्याने. दोन्ही टोकं काठात आत वळवून घट्ट बसवा. अनेक भिंती मधे शाबूत राहतात आणि टोकाकडून मागे पाणी शिरून जातात. सगळ्यात महत्त्वाचं, भिंत पात्रात पुढे सरकवू नका. आजचा काठ आहे तिथेच किंवा मागे. भिंतीने पात्र गुळगुळीत होतं, पाणी जोरात जातं आणि तुमच्या खालच्या किंवा समोरच्या शेजाऱ्याचा काठ खातं. समोर वस्ती असेल तर हे आधी त्यांच्याशी बोलून करा. त्यांचंही घर आहे.

परवानगीशिवाय यातलं काही करू नका. ओढा सोसायटीचा नाही. महापालिकेच्या पावसाळी गटार आणि मलनिस्सारण विभागाकडे लेखी अर्ज द्या, सोबत फोटो आणि मोजमापं जोडा. नदी असेल तर जलसंपदा विभागाने आखलेली निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान ओढ्यांना बहुधा अशा रेषा नसतात, तिथे विकास नियमावलीतलं काठापासूनचं अंतर लागू होतं. जुना ओढा कुठून जात होता हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर (डोंगर-ओढे दाखवणाऱ्या नकाशावर) मिळेल. पुणे शहर ४७ एफ/१४ वर आहे आणि कात्रजचा भाग ४७ एफ/१५ वर. त्यावरच्या निळ्या रेघा आजच्या उपग्रह चित्राशी ताडून पाहा. वरच्या बाजूच्या किती बारीक ओहोळांचे आता रस्ते झाले आहेत ते कळेल, आणि ते सगळं पाणी कोणत्या पाइपातून तुमच्याकडे येतं तेही. गाव नकाशात आणि विकास आराखड्यात ओढ्याची रुंदी वेगळी दाखवलेली असेल, तर तो फरक अर्जात ठळक लिहा.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला चार गोष्टी लागतील. तळाचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. काठाच्या कडेपासून इमारतीच्या सर्वांत जवळच्या खांबापर्यंतचं अंतर. तुमच्या खालच्या पहिल्या मोरीच्या गाळ्याची रुंदी आणि उंची. आणि सीमाभिंतीच्या तड्यावर आज दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांतलं अंतर, जे दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायचं आहे. खुणांमधलं अंतर वाढताना दिसलं तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा आणि त्या बाजूच्या तळमजल्यावर पावसाळी रात्री कुणी झोपणार नाही एवढी व्यवस्था करा.